सही करण्याआधी माउस बाजूला ठेवा: वेबसाइटचं काम देणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
वेबसाइटचं काम सोपवणारे, त्याच्या अटी लिहिणारे आणि काम पूर्ण झालं म्हणून सही करणारे सर्व अधिकारी, विश्वस्त आणि व्यवस्थापक

सप्रेम नमस्कार,

हे पत्र डिझायनर किंवा प्रोग्रामर मंडळींऐवजी मुद्दाम तुम्हाला लिहीत आहोत. वेबसाइट कशी बांधायची हे त्यांना ठाऊक असतं, नसलं तर शिकता येतं. पण कशी बांधलेली चालून जाईल, हे तुमच्या सहीवर ठरतं. ती सही बहुतेक वेळा एकाच प्रकारच्या खोलीत होते. मोठा पडदा, वेगवान इंटरनेट, नवा लॅपटॉप, कुणाच्या तरी हातात माउस आणि पाहणाऱ्या सगळ्यांचे डोळे, कान, हात ठणठणीत. त्या खोलीत जवळजवळ कुठलीही वेबसाइट चांगलीच दिसते.

खोलीबाहेरचं जग वेगळं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे १३० कोटी लोक, म्हणजे दर सहा माणसांमागे एक, लक्षणीय अपंगत्वासह जगतात. ज्यांचा हात महिनाभर प्लास्टरमध्ये आहे, ज्यांना चाळिशीचा चष्मा लागला आहे, जे चार वर्षं जुन्या फोनवर कमकुवत नेटवर्कमध्ये उन्हात उभे राहून फॉर्म भरतात, ते लोक या आकड्यात धरलेलेही नाहीत. या सगळ्यांना लागणारी वेबसाइट एकच असते. ती हलकी असते, सरळ एचटीएमएलवर, म्हणजे पानाची रचना लिहिण्याच्या मूळ भाषेवर, उभी असते आणि तिच्यातली प्रत्येक गोष्ट कीबोर्डने करता येते. वेग आणि सुगम्यता (अपंगत्व असलेल्यांसह सर्वांना वापरता येणं) ही दोन वेगळी कामं धरून दोन वेगळे खर्च मांडले जातात, तिथेच पहिली चूक होते.

आधी कराराबद्दल बोलू. ‘वेबसाइट सर्व उपकरणांवर व्यवस्थित चालेल व सर्वांना वापरण्यास सुलभ असेल’ हे वाक्य आम्ही असंख्य कागदपत्रांत वाचलं आहे. त्याला काही अर्थ नाही, कारण ते मोजता येत नाही. मोजता येईल असं माप उपलब्ध आहे. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम ही संस्था वेब आशयाच्या सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध करते. जाणकार त्यांना डब्ल्यूसीएजी म्हणतात. पहिली आवृत्ती १९९९ची, दुसरी २००८ची, २.१ ही २०१८ची आणि २.२ ही ऑक्टोबर २०२३ची. तिच्यात ए, एए आणि एएए असे तीन स्तर आहेत. करारात ‘आवृत्ती २.२, स्तर एए’ असं स्पष्ट लिहा. उत्साहाच्या भरात अख्ख्या वेबसाइटसाठी एएएची अट घालू नका. काही प्रकारच्या मजकुराला तो स्तर गाठताच येत नाही, म्हणून तत्त्वं लिहिणारेही सरसकट तशी अट घालू नका असंच सांगतात. जी अट पाळताच येणार नाही, तिच्याकडे सगळे मिळून दुर्लक्ष करायला शिकतात आणि मग बाकीच्या अटीही तशाच जातात.

फक्त नाव लिहून मात्र भागत नाही. पुरवठादार लाइटहाउससारख्या, वेबसाइट आपोआप तपासणाऱ्या साधनाचा अहवाल दाखवेल, त्यात शंभरपैकी शंभर गुण असतील आणि तरीही वेबसाइट वापरता येत नसेल. अशी साधनं कामाची आहेत, आम्ही रोज वापरतो. पण चित्राला पर्यायी मजकूर, म्हणजे ते न पाहणाऱ्यासाठी लिहिलेलं वर्णन, आहे की नाही एवढंच यंत्राला कळतं. तिथे ‘फोटो’ एवढाच शब्द लिहिलेला असला तरी ते पास करतं. बटणाला नाव आहे हे त्याला दिसतं, ते नाव चुकीचं आहे हे दिसत नाही. म्हणून सही करण्याआधीची पाच मिनिटं तुमची स्वतःची हवीत.

त्या पाच मिनिटांत माउस बाजूला ठेवा. टॅब कळ दाबत पुढे जा, शिफ्ट धरून टॅब दाबत मागे या, एंटर आणि स्पेसने बटणं दाबा, एस्केपने खिडक्या बंद करा. तुमच्या वेबसाइटवरचं सर्वांत महत्त्वाचं काम, मग ते अर्ज भरणं असो, वेळ ठरवणं असो किंवा पैसे भरणं असो, अथपासून इतिपर्यंत असं करून पाहा. आपण आत्ता कुठे आहोत हे प्रत्येक क्षणी दिसायला हवं. दिसत नसेल तर कुणीतरी फोकसभोवतीची, म्हणजे कीबोर्ड आत्ता ज्या जागी आहे तिच्याभोवतीची, चौकट ‘छान दिसत नाही’ म्हणून सीएसएसच्या (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेच्या) एका ओळीने काढून टाकली आहे. ती परत आणायला एक मिनिट पुरतं. मेन्यू फक्त माउस वर नेल्यावर उघडत असेल, तर कीबोर्डवाल्यासाठी त्यातली सगळी पानं अस्तित्वातच नाहीत. खाली चिकटलेली कुकीची पट्टी फोकस असलेली लिंक पूर्ण झाकत असेल, तर तो २.२ आवृत्तीत नव्याने नोंदलेला दोष आहे. पॉपअप उघडल्यावर फोकस त्याच्या आत जायला हवा, बंद होईपर्यंत आतच फिरायला हवा आणि बंद झाल्यावर ज्या बटणाने ते उघडलं त्यावर परत यायला हवा. हे सगळं हाताने लिहायची आता गरज नाही. एचटीएमएलचा डायलॉग हा घटक २०२२पासून सर्व प्रमुख ब्राउझरांत चालतो आणि स्क्रिप्टमधून तो ‘मोडल’ म्हणून उघडला की यातलं बहुतेक काम ब्राउझर स्वतः करतो.

इथे जरा थांबून मूळ कारण सांगायला हवं, कारण पुढचे निम्मे दोष त्यातूनच निघतात. एचटीएमएलमध्ये बटण हा तयार घटक आहे. तो वापरला की टॅबने तिथे पोचता येतं, एंटर आणि स्पेस दोन्हींनी तो दाबला जातो, स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) त्याला ‘बटण’ म्हणतो, तो निष्क्रिय करता येतो आणि फॉर्म पाठवतो. हे सगळं फुकट मिळतं. तरीही पुष्कळ ठिकाणी डिव्ह नावाच्या साध्या चौकोनाला रंग देऊन, त्यावर क्लिक ऐकणारी स्क्रिप्ट बसवून बटण ‘बनवतात’. मग वरची प्रत्येक सोय एकेक करून हाताने जोडावी लागते आणि एखादी राहतेच. नेहमी दिसणारा प्रकार असा की एंटर चालतो, पण स्पेस दाबला की बटण दाबलं जाण्याऐवजी पान खाली सरकतं. या नकली बटणासाठी लिहिलेली स्क्रिप्ट प्रत्येक वाचकाच्या फोनवर उतरते, ती वेगळीच. वेग आणि सुगम्यता एकच काम आहे असं आम्ही म्हणतो ते यामुळे.

एरिया नावाचे, कुठला घटक काय आहे हे स्क्रीन रीडरला सांगणारे गुणधर्म जोडून हे दुरुस्त करता येतं असं तुम्हाला सांगितलं जाईल. एरियाचा पहिलाच नियम असा की एचटीएमएलमध्ये तयार घटक असेल तर एरिया वापरू नये. चुकीचा एरिया तर नसलेल्यापेक्षा वाईट. वेबसाइटच्या साध्या लिंकांच्या यादीला ‘मेन्यू’ ही भूमिका दिली की स्क्रीन रीडर ऐकणाऱ्याला वाटतं, आता बाणाच्या कळा चालतील. त्या चालत नाहीत आणि तो माणूस तिथेच अडकतो.

यानंतर स्क्रीन रीडर लावून ऐका. विंडोजसाठी एनव्हीडीए मोफत मिळतो, आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर आणि बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक आधीपासून असतो. एनव्हीडीएमध्ये इन्सर्ट आणि एफ ७ एकत्र दाबलं की पानावरच्या लिंका आणि मथळ्यांची यादी उघडते. यादीत ‘अधिक वाचा’ बारा वेळा असेल, तर ऐकणाऱ्याला त्यातली कुठली कशाची हे कळायचा मार्ग नाही. मथळ्यांची यादी रिकामी असेल, तर मोठी ठळक अक्षरं नुसती सजावट म्हणून वापरली आहेत. न पाहणारा वाचक एच ही कळ दाबत मथळ्यामागून मथळा उडी मारत पान चाळतो, जसं आपण नजर फिरवतो. मथळे नसले तर त्याला पहिल्या शब्दापासून सगळं ऐकावं लागतं. चित्राला पर्यायी मजकूर नसेल तर काही स्क्रीन रीडर फाइलचं नावच वाचून दाखवतात, आकडे आणि अधोरेषांसकट. नुसतं शोभेचं चित्र असेल तर पर्यायी मजकूर रिकामा ठेवायचा. पण तो गुणधर्म लिहायचाच, गाळायचा नाही.

आता फॉर्म. वेबसाइटवर माणसं जी कामं करायला येतात ती बहुतेक फॉर्ममध्येच संपतात किंवा फॉर्ममध्येच अडतात, म्हणून इथे बारीक लक्ष द्या. एक चाचणी कुणालाही करता येते. रकान्याच्या नावावर (लेबलवर), म्हणजे ‘पूर्ण नाव’ या शब्दांवर, क्लिक करा. कर्सर रकान्यात गेला तर नाव आणि रकाना नीट जोडलेले आहेत. नाही गेला तर बहुधा जोडलेले नाहीत आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला तिथे फक्त ‘रिकामा रकाना’ एवढंच ऐकू येण्याची भीती आहे. रकान्याचं नाव आतच फिकट अक्षरांत लिहिणं हा लोकप्रिय आणि वाईट प्रकार आहे. टाइप करायला लागलं की ते नाहीसं होतं, मग चौथ्या रकान्यात काय विचारलं होतं हे तपासायला माणसाला भरलेलं पुसावं लागतं.

चूक झाली की काय होतं ते मुद्दाम चुकीचं भरून पाहा. नुसती लाल किनार पुरेशी नाही. रंगभेद न कळणाऱ्याला ती दिसत नाही, आंधळ्या माणसाला तर नाहीच नाही. ‘अवैध माहिती’ हेही पुरेसं नाही. ‘खाते क्रमांकात ११ आकडे हवेत, इथे १० आहेत’ असं लिहायला हवं, रकान्याला लागून, आणि स्क्रीन रीडर तो रकाना वाचताना हेही वाचेल अशा पद्धतीने त्याला जोडून. लांब फॉर्ममध्ये वरच्या बाजूला चुकांची यादी द्यावी, ‘पाठवा’ दाबल्यावर फोकस त्या यादीवर न्यावा आणि यादीतली प्रत्येक ओळ आपापल्या रकान्याकडे नेणारी लिंक असावी. भरलेली माहिती पुसायची नाही. हे सांगावं लागतं, कारण अजूनही पुसली जाते.

क्रमांकाच्या रकान्यांबद्दल एक तांत्रिक गोष्ट. खाते क्रमांक, ओळख क्रमांक, ओटीपी या संख्या नव्हेत, आकड्यांचे क्रम आहेत. त्यांची बेरीज कुणी करत नाही. त्यांना ‘नंबर’ प्रकारचा रकाना दिला की वर-खाली बाणाची कळ चुकून लागली तरी शेवटचा आकडा बदलतो आणि ते माणसाच्या लक्षातही येत नाही. साधा मजकुराचा रकाना ठेवून ‘इनपुटमोड’ या गुणधर्माला ‘न्यूमेरिक’ द्यावं, म्हणजे फोनवर आकड्यांचा कीपॅड येतो आणि हा धोका राहत नाही. पासवर्ड आणि ओटीपीच्या रकान्यात पेस्ट करायला बंदी घालू नका. ती सुरक्षेसाठी आहे असं सांगितलं जातं, पण तिचा परिणाम एवढाच की पासवर्ड मॅनेजर वापरणारी माणसं सोपे पासवर्ड ठेवू लागतात आणि ज्यांना आकडे लक्षात ठेवणं किंवा उतरवणं जमत नाही त्यांना दार बंद होतं. २.२ आवृत्तीने यावर स्वतंत्र निकष ठेवला आहे. वेडीवाकडी अक्षरं ओळखायला लावणारा कॅप्चा ज्यांना दिसत नाहीत त्यांना अडवतो. तो लावायचाच असेल तर न पाहता पार करता येईल असा दुसरा मार्ग शेजारी हवा.

वेळमर्यादा असेल तर ती संपण्याआधी इशारा द्या आणि मुदत वाढवायला किमान २० सेकंद द्या. स्पेस दाबण्याइतक्या साध्या कृतीने ती वाढायला हवी. एका बोटाने किंवा डोक्याला बांधलेल्या काठीने टाइप करणाऱ्या माणसाला पत्त्याच्या चार ओळी भरायला किती वेळ लागतो, याचा अंदाज तुमच्या खोलीत कुणालाच नसतो.

मराठीत वेबसाइट असेल तर आणखी एक थर तपासावा लागतो आणि तो जवळजवळ कुणीच तपासत नाही. पानाच्या सुरुवातीला भाषेचा गुणधर्म असतो. साच्यातून आलेल्या पुष्कळ पानांवर तो इंग्रजीच राहतो. मग स्क्रीन रीडर इंग्रजी आवाज लावतो आणि देवनागरी मजकूर एक तर गाळतो, नाहीतर अगम्य वाचतो. तिथे मराठीचा संकेत, म्हणजे एम आणि आर ही दोन अक्षरं, लिहिला की आवाज बदलतोच, शिवाय ज्या फॉन्टांत सोय आहे त्यांत ल आणि श मराठी वळणाचे उमटतात. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टातला मजकूर कुठे राहिला असेल तर तो ताबडतोब बदला. तो दिसतो मराठी, पण आत रोमन अक्षरांचे संकेत असतात. स्क्रीन रीडर, शोध आणि भाषांतर या तिघांनाही तो निरर्थक असतो.

फॉन्टची फाइल लहान करण्यासाठी त्यातली न लागणारी अक्षरं काढतात. कल्पना चांगली आहे, पण काढणाऱ्याला मराठी येत नसेल तर जोडाक्षरांचे नियमच कापले जातात. हे कसं ओळखायचं? ‘दुसऱ्या’, ‘ॲप’, ‘यज्ञ’, ‘क्षेत्र’, ‘श्रावण’, ‘बाळ’ हे शब्द पानावर लिहून पाहा. ऱ्य सुटला किंवा ॲ वेगळ्याच जाडीचा दिसला तर फाइल चुकीची कापली आहे. अक्षरांमधलं अंतर वाढवणारा सीएसएसचा नियम इंग्रजी मथळ्यांना शोभतो, देवनागरीत तो शिरोरेषा तोडतो. ओळींची उंची इंग्रजीच्या मापाने ठेवली तर वरची वेलांटी आणि खालचा उकार कापला जातो, विशेषतः बटणांत. उंची अक्षराच्या दीडपट तरी असू द्या.

आणि नावाचा रकाना. नाव तपासणाऱ्या सूत्रात प्रोग्रामर ‘कुठल्याही भाषेतलं अक्षर’ असा वर्ग घालतो आणि निर्धास्त होतो. युनिकोडमध्ये मात्रा आणि हलन्त ‘अक्षर’ या वर्गात येत नाहीत, ‘चिन्ह’ या वेगळ्या वर्गात येतात. त्यामुळे ‘कमल’ स्वीकारलं जातं आणि ‘सुनीता’ नाकारलं जातं. लांबीची मर्यादाही तशीच फसवते. ‘ज्ञानेश्वर’ वाचताना चार अक्षरं आहेत, युनिकोडमध्ये ती दहा होतात आणि यूटीएफ ८ या साठवण्याच्या पद्धतीत तीस बाइट. डेटाबेसमधला रकाना बाइटांत मोजत असेल तर मराठी नाव मध्येच तुटतं, तेही एखाद्या मात्रेच्या आधी. १२३ असे देवनागरी आकडे टाइप केलेले फॉर्मही सर्रास नाकारतात. दहा चिन्हांची अदलाबदल सर्व्हरवर दोन ओळींत करता येते. ती करा आणि माणसाला पुन्हा टाइप करायला लावू नका.

रंगांबद्दल थोडक्यात. साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी ४.५ : १ इतका कॉन्ट्रास्ट लागतो, २४ पिक्सेल किंवा त्याहून मोठ्या मजकुराला ३ : १, आणि रकान्यांच्या कडा, आयकॉन यांनाही ३ : १. पांढऱ्यावर कुठला करडा रंग चालतो याची सीमा अगदी अरुंद आहे. ७६७६७६ या संकेताचा करडा ४.५४ देतो आणि पास होतो, ७७७७७७ हा ४.४८ देतो आणि नापास होतो. डिझायनरांचा आवडता ९९९९९९ तर २.८५वरच थांबतो. दाबायच्या जागा किमान २४ बाय २४ पिक्सेल हव्यात. आमच्या मते अंगठ्यासाठी ४४ धरलेले बरे. पान ४०० टक्के मोठं केल्यावर मजकूर आडवा सरकवावा लागू नये. पाच सेकंदांहून जास्त आपोआप हलणारं काहीही असेल तर त्याला थांबवायचं बटण हवं. पहिल्या पानावरचा फिरता फोटोपट्टा बहुतेकदा काढूनच टाकावा असं आमचं मत आहे.

वेगाकडे येऊ. इथे लोक एमबी मोजतात आणि फेऱ्या, म्हणजे फोनपासून सर्व्हरपर्यंत जाऊन परत येणं, मोजायला विसरतात. पान मागवल्यावर फोनला आधी डोमेनचा पत्ता शोधावा लागतो, मग सर्व्हरशी जोडणी करावी लागते, मग ती सुरक्षित करावी लागते आणि नंतर पान मागता येतं. जोडणी सुरक्षित करणाऱ्या टीएलएस या पद्धतीची १.३ आवृत्ती असेल तर अशा चार फेऱ्या होतात, जुनं १.२ असेल तर पाच. एका फेरीला ३०० मिलिसेकंद लागणाऱ्या नेटवर्कवर पहिला बाइट हाती येण्याआधीच १.२ सेकंद गेलेले असतात. पत्ता बदलून दुसरीकडे पाठवणारं प्रत्येक रीडायरेक्ट त्यात भर घालतं. वेगळ्या डोमेनवरून येणारा फॉन्ट, चॅटची खिडकी, आकडेवारी मोजणारी स्क्रिप्ट हे प्रत्येक जण आपापल्या फेऱ्या नव्याने मारतात. उत्तराच्या पहिल्या हप्त्यात सर्व्हर साधारण १० पाकिटं, म्हणजे सुमारे १४ केबी पाठवतो आणि पोच मिळाल्यावर पुढचं. म्हणून पानाचा वरचा, कामाचा भाग त्या पहिल्या १४ केबीमध्ये बसला तर तो एक फेरी आधी दिसतो.

मग वजन. लाइटहाउस मोबाइलच्या चाचणीत १.६ मेगाबिट प्रति सेकंद वेग आणि १५० मिलिसेकंदांची फेरी धरतं, फोनचा प्रोसेसरही चारपट हळू धरतं. १.६ मेगाबिट म्हणजे सेकंदाला २०० केबी. दोन एमबीचं पान उतरायला दहा सेकंद लागतील, हे कागदावरच कळतं. त्यासाठी वेबसाइट बांधून होईपर्यंत थांबायची गरज नाही.

पण सगळे केबी सारखे नसतात. २०० केबीचं चित्र उतरलं की जवळजवळ झालं. २०० केबीची जावास्क्रिप्ट उतरल्यावर सुटी होऊन काही पटींनी फुगते, मग ब्राउझरला ती वाचावी, समजून घ्यावी आणि चालवावी लागते. तेवढा वेळ पान दिसतं पण दाबलं तर ऐकत नाही, स्क्रीन रीडरलाही उत्तर मिळत नाही. शिवाय एचटीएमएल आणि सीएसएसमध्ये न कळणारा भाग ब्राउझर सोडून देतो आणि पुढे जातो. जावास्क्रिप्टमध्ये जुन्या ब्राउझरला न कळणारं एक चिन्ह आलं की ती पूर्ण फाइल नाकारली जाते. सगळं पान जर स्क्रिप्टच उभं करत असेल, तर वाचकासमोर कोरा पांढरा पडदा राहतो. म्हणून मजकूर आणि फॉर्म सर्व्हरवरून तयार एचटीएमएलमध्ये यावेत आणि स्क्रिप्टने त्यावर सोयी चढवाव्यात. स्क्रिप्ट बंद करून अर्ज पाठवता येतो का, हे तुमच्या तपासणीत असू द्या.

चित्रांत सर्वांत मोठी उधळपट्टी होते आणि तीच सर्वांत सहज थांबते. कॅमेऱ्यातून आलेलं ४००० बाय ३००० पिक्सेलचं चित्र कितीही दाबून लहान केलं, तरी दाखवताना फोनच्या मेमरीत प्रत्येक पिक्सेलला चार बाइट या हिशोबाने ४८ एमबी घेतं. ते दिसतं मात्र ४०० पिक्सेल रुंदीच्या चौकटीत. प्रत्येक चित्राच्या तीन-चार मापांच्या प्रती सर्व्हरने आपोआप बनवाव्यात, वेबपी किंवा एव्हीआयएफ या हलक्या फाइल-प्रकारांत, आणि ब्राउझरला योग्य ती निवडू द्यावी. रुंदी आणि उंची एचटीएमएलमध्ये लिहावीच, म्हणजे चित्र येण्याआधी जागा राखली जाते. नाहीतर पान वाचता वाचता उडी मारतं. ज्याचा हात थरथरतो किंवा जो पान आठपट मोठं करून त्याचा एक कोपरा पाहतो आहे, त्याच्या बोटाखालचं ‘रद्द करा’ जाऊन ‘पाठवा’ येतं. खालची चित्रं गरज पडेल तेव्हा मागवावीत, पण हाच नियम वरच्या मुख्य चित्रालाही सरसकट लावला की उलट तेच उशिरा येतं. ही चूक फार होते.

करारात घालायचे वेगाचे आकडे तयार आहेत. गुगलने ठरवलेल्या कोअर वेब व्हायटल्सनुसार पानावरचा सर्वांत मोठा भाग २.५ सेकंदांत दिसावा, दाबल्यावरचा प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत यावा आणि पान हलण्याचं माप ०.१ पेक्षा जास्त नसावं, आणि हे दर शंभरातल्या ७५ भेटींत खरं ठरावं. प्रतिसादाचं सध्याचं माप मार्च २०२४मध्ये आलं, आधीचं फक्त पहिल्या दाबण्याचा विलंब मोजत असे. जुन्या अहवालात ते दिसलं तर नवं मागा. त्याखाली स्वतःची वजनाची मर्यादा लिहा. पहिल्या भेटीत दाबून लहान केलेली जावास्क्रिप्ट १०० केबी, फॉन्टच्या दोन फाइल, एकूण पान ५०० केबी, असं काहीतरी. फॉर्म आणि माहितीच्या वेबसाइटला हे पुरतं असा आमचा अनुभव आहे. मर्यादा ओलांडली की नवी आवृत्ती सर्व्हरवर चढूच नये, अशी आपोआप तपासणी लावायला सांगा. ती नसेल तर सहा महिन्यांत पान दुप्पट होतं. कुणी मुद्दाम करत नाही, प्रत्येक विभाग आपली एक छोटी स्क्रिप्ट जोडतो.

एक गोष्ट विकत घेऊ नका. कोपऱ्यात माणसाचं चिन्ह असलेलं बटण, जे दाबलं की अक्षरं मोठी होतात आणि रंग बदलतात, आणि ‘एक ओळ टाका, वेबसाइट सुगम्य होईल’ असा दावा. ज्यांना मोठी अक्षरं लागतात त्यांच्या ब्राउझरमध्ये आणि फोनमध्ये ती सोय आधीच आहे. न जोडलेलं लेबल, अडकणारा फोकस, निरर्थक पर्यायी मजकूर हे दोष ते बटण भरवशाने दुरुस्त करू शकत नाही. उलट ते आणखी एक जड स्क्रिप्ट आणतं आणि कधी कधी वापरणाऱ्याच्या स्क्रीन रीडरशीच भांडतं. तो पैसा प्रत्यक्ष वापरणाऱ्यांकडून तपासून घेण्यावर खर्च करा. आंधळे, कमी दिसणारे, हात न चालणारे, ऐकू न येणारे असे पाच-सहा जण, प्रत्येकाला त्याच्या वेळेचा मोबदला देऊन, तुमच्या वेबसाइटवरची तीन कामं करायला सांगा आणि मध्ये बोलू नका. हे काम अर्ध्यावर असताना एकदा आणि शेवटी एकदा करा. शेवटी एकदाच केलं तर सापडलेलं काहीच बदलता येत नाही.

वेबसाइट ताब्यात आल्यावर ती बिघडवणारे बहुतेकदा आपणच असतो, हेही लक्षात असू द्या. स्कॅन केलेलं पत्रक पीडीएफ करून चढवलं की ते स्क्रीन रीडरसाठी कोरं पान असतं. मजकूर चढवण्याच्या यंत्रणेनेच पर्यायी मजकूर विचारावा, मथळ्याचे स्तर यादीतून निवडायला द्यावेत आणि चित्र आपोआप लहान करावं. व्हिडिओला कॅप्शन, म्हणजे बोललेल्या मजकुराच्या ओळी, आणि पडद्यावरचं महत्त्वाचं जे बोलून सांगितलेलं नाही त्याचं वर्णन लागतं. हे काम चित्रीकरणाच्या आधी ठरवलं तर खर्च फार कमी होतो.

आधीपासून चालू असलेल्या वेबसाइटचं काय, असं तुम्ही विचाराल. ती पाडून नवी बांधू नका. लोक सर्वांत जास्त ज्या कामासाठी येतात ते एक काम निवडा, पहिल्या पानापासून पावती मिळेपर्यंत. आधी लेबलं जोडा, फोकस परत आणा, चुकांचे संदेश लिहा, भाषेचा गुणधर्म बदला, चित्रं लहान करा आणि न लागणाऱ्या बाहेरच्या स्क्रिप्ट काढा. बहुतेक वेबसाइटवर हे काही आठवड्यांचं काम असतं. मग दुसरं काम घ्या. नव्या करारात शेवटचा हप्ता वर सांगितलेल्या तपासण्या पार होईपर्यंत राखून ठेवा आणि दोष दुरुस्तीचा खर्च कुणाचा हे आधीच लिहा. ‘अडचण आली तर कळवा’ ही लिंक प्रत्येक पानावर द्या. तिच्यामागे ईमेलचा पत्ता आणि फोन नंबर दोन्ही असू द्या, कॅप्चा असलेला आणखी एक फॉर्म नको. आलेली तक्रार कोण वाचणार, किती दिवसांत उत्तर देणार आणि ती व्यक्ती रजेवर असताना कोण वाचणार, हे त्याच करारात असू द्या.

कळावे,
वेबसाइट बांधण्याचं आणि तपासण्याचं काम करणारे आम्ही सगळे